तिरुपतीला न गेलेले केस

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणाला पटायची नाही. सांगलीत सांगितली तर लोक हसतील, साताऱ्यात सांगितली तर विचारतील, "पाव्हणं, आज सकाळच्यापारीच काय घेतलं?" पण मंडळी, घडलं ते असं घडलं. ज्या नाथाजींच्या शब्दावर उभ्या जन्मात कुणी विश्वास ठेवला नव्हता, त्यांच्या एका थापेवर सगळं गाव डोळे मिटून विसंबलं!

नाथाजी म्हणजे फौजेतून पेन्शनवर आलेले हवालदार. सियाचिनला चहा कपात ओतेस्तोवर गोठायचा, मग जवान तो खिशात घालून न्यायचे आणि तल्लफ आली की फोडून खायचे, हे ते शपथेवर सांगायचे. पुराच्या साली म्हशीचं शेपूट धरून सांगलीहून नरसोबाच्या वाडीला गेलो, दर्शन घेतलं आणि त्याच म्हशीवरून माघारी आलो, हेही त्यांचंच. पोरं ऐकायची, हसायची, "आबा, आता म्हशीला तिकीट लागलं का न्हाई ते सांगा" म्हणायची. विश्वास कोण ठेवतंय?

पण गोष्ट नाथाजींची नाही. गोष्ट त्यांच्या सुनेची, संयोगिताची.

संयोगिताला छातीत गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात तपासणी झाली, कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली. नवरा उदयसिंह फौजेत, राजस्थानला. घरात सासरे, ती आणि लेक राजनंदिनी. आणि नेमकं याच वेळी राजनंदिनीला वाईचं स्थळ आलेलं. मुलगा वीरधवल शिकलेला, नोकरीचा, स्वभावानं शांत. बोलणी अर्ध्यावर आली होती.

"मामंजी, पोरीचं जमेपर्यंत कुणाला कळता कामा नये," संयोगिता म्हणाली. "कॅन्सरवाल्या घरातली पोरगी कोण करून घेणार?"

"मेलो तरी सांगणार न्हाई," नाथाजी म्हणाले. आणि ते खरंच सांगणार नव्हते. खरं सांगायची त्यांना सवयच कुठं होती!

पण केसांना कोण गप्प बसवणार? पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत टाळू दुखायला लागली. उशीला डोकं टेकवेना. मग एका सकाळी न्हाताना हात केसांतून फिरवला तर मूठच्या मूठ हातात आली. मोरीचं तोंड तुंबलं. संयोगिता तशीच ओलेत्यानं बसून राहिली. रडायला वेळ नव्हता, आधी केसांचं काय करायचं ते बघायचं होतं. घंटागाडीत टाकले तर गाडीवाला बघणार. चुलीत घातले तर गल्लीभर वास सुटणार. एवढे लांबसडक केस, डोक्यावर होते तोवर अभिमान, आणि आता चोरीच्या मालासारखे कॅरीबॅगेत गुंडाळून पिठाच्या डब्यामागं लपवलेले! दिवसातून चार वेळा ती उठून बघायची, पिशवी जागेवर आहे ना.

उरलेले केस राजनंदिनीनं बापाच्या केस कापायच्या मशिननं उतरवले. "आई, हलू नको गं," ती सारखी म्हणत होती, आणि हलत तीच होती.

पुढचा त्रास कुणी डोक्यात घेतला नव्हता. त्या घराची रीत अशी, की सासऱ्यापुढं सुनेनं डोक्यावरून पदर घ्यायचा. लग्न होऊन आल्यापासून नाथाजींनी सुनेचा भांग बघितला नव्हता. पण पदर राहतो तो अंबाड्याच्या आधारानं. अंबाडाच नाही तर पदर कशाला अडकणार? गुळगुळीत डोक्यावरून तो सारखा घसरायचा. पिन लावावी तर कशाला लावावी? तिनं आत सुती फडकं बांधलं, तर त्यानं डोक्याला खाज सुटायची. मिरजेहून आणलेला केसांचा टोप घातला, तर उकाड्यात आत शिजल्यासारखं व्हायचं. भाकरी थापताना एक हात परातीत, एक हात डोक्यावर. बसली तरी उठावं वाटायचं, उठली तरी बसवत नव्हतं. दाराची कडी वाजली की धावत आत!

आणि एक दिवस कडी न वाजवताच शेजारच्या बनुबाई विरजण मागायला थेट पुढच्या सोप्यात आल्या. संयोगिता दचकून वळली आणि पदर खांद्यावर आला.

"अगं बया!" बनुबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "केस कुठं गेलं गं?"

संयोगिता पदर सावरायला धडपडली. पण नाथाजींचा घसा कोरडा पडलेला कुणी कधी बघितलाय? पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "तिरुपतीला."

"आँ?"

"नवस हुता. बालाजीला केस दिलं सुनंनं. मिरजेहून थेट गाडी हाय, गेलो आन् आलो."

"मग लाडू?"

"गुंतकल ठेसनात माकडानं पिशवी पळवली. मी म्हणलं, मारुतीराया, निदान एक तरी ठेव. तर गड्यानं एक लाडू काढून माघारी दिला. तो आमी वाटंत खाल्ला."

बनुबाईंनी वाटी खाली ठेवली आणि वाकून संयोगिताच्या पायांना हात लावला. "भाग्याची गं बाई तू!"

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका डोकं बघायला येऊ लागल्या. कुणी पेढे आणले, कुणी सुनेच्या कुशीसाठी गाऱ्हाणं घातलं. पुढं एकानं तिला मिरजेत दवाखान्याच्या दारात बघितलं, म्हणून नाथाजींना थापेला आणखी एक मजला चढवावा लागला. सुनेला साधी गाठ आली होती, केसांचा नवस बोलली आणि गाठ लोण्यासारखी विरघळली, डॉक्टर अजून शोधतोय गाठ गेली कुठं!

पुढच्या डोसाला संयोगिता मिरजेला गेली, तेव्हा शेजारच्या खाटेवर माया कांबळे होती. कवठे महांकाळकडची शिक्षिका. सलाईन चालू, मांडीवर मुलांच्या वह्या आणि डोकं साफ उघडं! ना टोप, ना रुमाल.

"तुमाला लाज न्हाई वाटत?" संयोगिताच्या तोंडून निघून गेलं.

माया हसली. "वाटली की. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकातून माघारी फिरणार होते. मग वर्गात गेले आणि पोरांना सांगितलं, मला कॅन्सर झालाय, औषधानं केस गेलेत, औषध संपलं की येतील. एकानं विचारलं, बाई, कंगव्याचा खर्च वाचला का? सगळी हसली. त्या दिवशी सगळी माझ्या डोक्याकडं बघत होती. नंतर फळ्याकडं बघायला लागली."

"तुमाला लग्नाची पोरगी न्हाई, म्हणून जमतं. माझ्या पोरीचं जमेपर्यंत तरी..."

"आणि जमल्यावर?"

"मग लग्न हुईपर्यंत."

"मग बाळंतपणापर्यंत. मग जावेच्या पोरीचं लग्न निघेल. अहो ताई, लपवायला मुदत नसते! आपण काय गुन्हा केलाय? केस औषधानं गेलेत, अब्रू नाही गेली. तुम्ही झाकलंत म्हणजे तिसरी कोणतरी तुमच्याकडं बघून झाकते. दुखणं अंगावर काढून बायका मरतात त्या अशाच."

संयोगिताला ते पटलं आणि तिचा रागही आला. एस.टी.त ती सगळ्या वाटेत डोक्यावरचा पदर धरून बसली. खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

रविवारी वाईचे पाहुणे आले. वीरधवल, त्याची आई सुलाबाई आणि मामा. सोप्यात सतरंज्या, स्वयंपाकघरात पोह्यांची कढई, आणि मदतीला बनुबाई. संयोगितानं टोपावरून पदर घेतला होता, पदर दातांत धरला होता.

पोहे बशीत भरता भरता बनुबाई एकदम कुजबुजल्या, "संयोगिता, तुला म्हणून सांगते. मलाबी गाठ हाय. हितं, काखंच्या अंगाला. वरीस होत आलं."

संयोगिताच्या हातातला डाव थांबला. "काकी! डाक्टरला दावली?"

"कशाला? पोरानं मिरजेला चल म्हणून लय जीव खाल्ला. मी म्हणलं, संयोगिताची केसांनी गेली, माझीबी जाईल. मंगळवारी तिरुपतीला निघाले."

"काकी, आदी मिरज. तिरुपती मागनं."

"हे कोण म्हणतंय, तर जिची देवानं बरी केली ती!" बनुबाई रागावल्या. "तुझी विरघळली, आन् मला डाक्टर व्हय गं?"

संयोगितानं डाव कढईत ठेवला. खरं सांगावं तर बनुबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही. पाहुणे गल्लीच्या कोपऱ्यावर पोहोचायच्या आत त्यांना कळणार. आज एक दिवस गप्प राहावं? उद्या सांगावं? पण उद्याही पोरीचं जमायचंच असणार, आणि परवाही. मायाबाईंचं बोलणं कानात भुंग्यासारखं फिरत होतं.

बाहेर नाथाजी रंगात आले होते. "...तर पाव्हणं, गुंतकलच्या फलाटावर ते माकड..." मामा पोट धरून हसत होते.

बनुबाई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "भावजी, तुमीच सांगा हिला. केस दिलं आन् गाठ गेली, खरं का न्हाई?"

नाथाजींनी पाहुण्यांकडं बघितलं, दाराआडच्या नातीकडं बघितलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "बालाजीची आन! लोण्यावानी इरघळली!"

"मामंजी, बास!"

सगळ्यांच्या माना वळल्या. संयोगिता सोप्याच्या मधोमध उभी होती. पदर दातांतून सुटला, घसरला, आणि तिनं तो सावरला नाही. उलट टोपच काढून हातात घेतला. सासऱ्यासमोर, व्याह्यांसमोर, उघडं डोकं!

"मी तिरुपतीला गेले न्हाई. मला छातीचा कॅन्सर हाय. मिरजेला औषध चालू हाय, त्यानं केस गेलेत. माझी गाठ देवानं विरघळवली न्हाई, डाक्टर बारीक करत्यात, अजून ऑपरेशन व्हायचंय. काकी, तुमी बालाजीला खुशाल केस द्या, पर आदी गाठ दावा. माझं खोटं ऐकून तुमी घरात बसला आन् काय झालं, तर ते माझ्या डोक्यावर येईल. न्हाई पेलायचं मला! पोरीचं लग्न मोडलं तर दुसरं जमंल. तुमी कुठनं आणायच्या?"

बनुबाईंचा हात आपसूक काखेकडं गेला.

नाथाजींनी रीतीप्रमाणं मान खाली घातली होती. ती त्यांनी सावकाश वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेच्या डोक्याकडं नीट बघितलं. डोळे भरून आले. "व्हय," ते म्हणाले. "खोटं बोललो मी. हसवायच्या नादात एका बाईचा जीव घालवत हुतो."

सुलाबाईंनी चहा अर्धा ठेवला. मामा म्हणाले, "कळवतो." वीरधवल जाताना दारात वळला, संयोगिताला वाकून नमस्कार केला आणि आईच्या मागं गेला.

मंगळवारी मिरजेच्या एस.टी.त दोघी शेजारी शेजारी बसल्या. संयोगिताच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून टोपी होती, लपवायला काही नव्हतं. पिठाच्या डब्यामागची पिशवी राजनंदिनीनं दिवसाढवळ्या घंटागाडीत टाकली. बनुबाईंची तपासणी झाली. आठवड्यानं दोघी निकालाला गेल्या, गाठ वाईट निघाली, उशीर झाला होता, पण डॉक्टर म्हणाले, औषधाला अजून वाव आहे. बनुबाई सगळ्या वाटेनं नाथाजींना शिव्या घालत आल्या, आणि घरी आल्यावर पोराला म्हणाल्या, "मशिन आण. केस गळायची वाट कोण बघतंय?"

तेव्हापासून नाथाजींचा धंदा बदलला. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीपुढच्या कट्ट्यावर बसून ते हीच गोष्ट सांगतात. सियाचिन नाही, म्हैस नाही. दूध घालायला आलेल्या बायाबापड्यांना म्हणतात, "ऐका रं! कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत न्हाई, पाप न्हाई, लपवायची चीज न्हाई. गाठ दिसली की त्याच दिवशी दावा. आन् जिचं केस गेलंत तिच्या डोक्याकडं बघू नका, डोळ्यांत बघा आन् इचारा, बाई, जेवलीस का? आपुन नजरंनं लाजवतो म्हणून बाया झाकत्यात. रोग डाक्टर बघंल, पर ही नजर आपलीच आपल्याला बरी करायला लागंल!"

परवा तर कट्टा गच्च भरला होता. केरबा डेअरीवाल्यानं माप घ्यायचं थांबवलं होतं. गोष्ट शेवटाला आली आणि नाथाजींना राहवेना.

"...आन् मंडळी, सुनंनं टोप काढला मात्र, वाईच्या सुलाबाई ताडकन उठल्या! म्हणाल्या, अशा वाघिणीची लेक आमाला पायजे म्हंजे पायजे! तितंच साखरपुडा! वाईहून पेढ्याचा टेंपो आला..."

"खोटं!"

किटली घेऊन रांगेत उभी असलेली राजनंदिनी सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडली. "आबा, साफ खोटं! वाईचा फोन अजून आलेला न्हाई. आन् आला तरी हो म्हणायचं का न्हाई, ते त्यांनी आईच्या डोळ्यांत बघितल्यावर मी ठरवीन!"