सदऱ्यावरचं माप

थोरलीनं पट्टी उचलली तशी धाकटीनं लेकीला मागं ओढलं.

"बाहीवरून नको. उघड्या दंडावर घ्या."

दोघी सख्ख्या जावा. विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं बोलचाल बंद होती, भांडण तेवढं चालू होतं. पुढं विहीर आटली, लढाईनं बाजारचा रस्ता तोडला, रानात ढेकळांखेरीज काही उरलं नाही. भांडणाला मात्र झळ लागली नाही. त्यात मदतवाल्यांनी पोरांचे दंड मोजायची हिरवी-पिवळी-लाल पट्टी दिली ती थोरलीकडं, कारण तिला लिहिता येत होतं. हिरव्यात आलं तर पोर ठीक. लालात आलं तर शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं.

गाव अख्खं हिरवं होतं. पोर वाळलं म्हणजे आईनं नीट ठेवलं नाही, असं चारचौघी म्हणणार. म्हणून बायका पोरांना एकावर एक तीन सदरे चढवून आणत, आणि थोरली सदऱ्यावरूनच पट्टी गुंडाळी. मोजलं जाई ते कापड, आणि कापडाची तब्येत उत्तम होती.

"सगळ्यांचं असंच घेतलंय," थोरली म्हणाली. "तुझीच काय आभाळातून पडली?"

"पडली असती तर दंड मोडला असता. इथं मोडायला तरी काय उरलंय?"

"झाक तो हात," मागून सासू करवादली. "घराची अब्रू काढतेस."

"अब्रू खाऊन पोर जगत असेल तर वाढा की, आत्याबाई."

धाकटीनं लेकीचे तिन्ही सदरे उतरवले. रांगेतल्या बायका माना लांब करून बघायला लागल्या. थोरलीनं पट्टी आवळली. हिरवा सरला, पिवळा सरला, लाल निम्मा सरला तेव्हा कुठं पट्टी दंडाला लागली.

"लाल," धाकटी डाव जिंकल्यासारखी ओरडली. मग आपण काय जिंकलो ते तिचं तिलाच कळलं आणि ती मटकन खाली बसली.

थोरलीनं पाकिटं तिच्यापुढं टाकली. "घे आणि हो चालती."

धाकटी हलली नाही. ती मेजामागं बघत होती. तिथं थोरलीचा दीड वर्षाचा लेक बसला होता. कडक उन्हात अंगात लोकरीचा स्वेटर, आणि तोंडावरची माशी हाकलायचंही त्याच्या मनात येत नव्हतं.

"आता त्याचं घ्या."

"कालच घेतलंय. हिरवा आहे तो."

"स्वेटर हिरवा असेल."

धाकटीनं स्वतःच उठून त्याची बाही वर केली आणि पट्टी गुंडाळली. पोर रडलंसुद्धा नाही. माप लालात गेलं.

"माप घेणारीचंच पोर लाल निघालं," थोरली हळूच म्हणाली, "तर गाव मला उभं करील का?"

"आधी लिहा. मग रडत बसा."

थोरली लिहायला लागली. धाकटीनं दोन्ही पोरं मांडीवर घेतली, पाकीट दातानं फाडलं, एक बोट लेकीच्या तोंडात दिलं, दुसरं पुतण्याच्या.

"बोटं धुतलीस का?" थोरली खेकसली.

"विहिरीची पाळी तुमची होती ना. आणा पाणी."

थोरलीनं मान वर केली ती उत्तर द्यायला. पण नजर मागच्या बायकांकडं गेली. रांगेत एकेक सदरा उतरत होता. सासूचीही बोटं कडेवरच्या, लेकीकडच्या नातीच्या गुंड्यांवर गेली होती.

थोरलीनं पाकिटांच्या खोक्यात हात घातला. तळाला आठच पाकिटं उरली होती. गाव हिरवं म्हणून मदतवाल्यांनी या खेपेला मोजकीच धाडली होती.