साखरेच्या बरणीतला बुडबुडा

"यातली हवा बाहेरच येत नाहीये हो," मी हाक मारली, तेव्हा हे हात पुसत स्वयंपाकघरात आले.

ओट्यावर माझी साखरेची बरणी होती. साखर डब्यात ओतून ह्यांनी तिच्यात मिठाचं पाणी भरलं होतं आणि आपलं नवं कवच बुडवून ठेवलं होतं. द्रवातून वीज किती सहज वाहते हे मोजणारे दोन इलेक्ट्रोड ज्या नळकांड्यासारख्या कवचात बसतात, त्याचं डिझाइन करणं हीच ह्यांची नोकरी. जगाला तिचा पत्ता नव्हता. मला होता, कारण माझी एक बरणी कधी धड जागेवर नसायची.

हे वाकून बघत राहिले. मजबुतीसाठी ह्यांनी कवचाचं हवा निघायचं भोक चार मिलिमीटर खाली घेतलं होतं, आणि आत त्या भोकाच्या वर एक बुडबुडा ठाण मांडून बसला होता.

"हवा अडकली की वीज कमी वाहते," हे म्हणाले. "डेअरीतल्या यंत्राला वाटेल, पाइपातला साबण धुऊन गेला. आणि मागाहून त्याच पाइपातून दूध जाणार."

"माल गेला का?"

"चाळीस नग तयार आहेत. उद्या निघतील."

उद्याच ह्यांना विभागप्रमुखपदाच्या बढतीचं पत्र मिळायचं होतं. त्या पदाची स्वप्नं ह्यांच्यापेक्षा मीच जास्त रंगवली होती, खोटं कशाला बोलू? मी बरणी मोरीत रिकामी केली.

"वाहत्या पाण्यात जाईल निघून. तुम्ही आपले गप्प बसा."

 हे सकाळी लवकर कामावर गेले आणि चाळीसही नग थांबवले. पत्र मिळालं ते ह्यांच्या हाताखालच्या माणसाला. मी चार दिवस अबोला धरला. हे मात्र पुढे अकरा वर्षं त्याच माणसाच्या हाताखाली राबले, आणि कधी कुरकुरले नाहीत.

हे वारले, त्यानंतर महिन्याभराने तोच माणूस भेटायला आला. त्याचेही केस आता पिकलेत.

"वहिनी, ते चाळीस नग आठवतात?" चहा घेता घेता तो म्हणाला. "सर सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी, पण पकडली बायकोने. तिनेच पाठवलंय मला. तेव्हापासून कवच पाण्यात बुडवून बघायचं झालं, की आमच्याकडे म्हणतात, वहिनींची परीक्षा द्या."

मला वर बघवेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि ह्यांची इतकी आठवणही कधी आली नव्हती.

"मी नव्हतं हो पाठवलं. मी म्हणाले होते, गप्प बसा."

त्याने कप खाली ठेवला. 

"सरांनी हे कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.