फळी नॉर्मल आहे

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. कशेळीच्या गोदामात यंत्राची एक मोठी लाकडी पेटी फोडली, तिच्यातून मी निघाले आणि धामणकर नाक्याजवळच्या या शिवणकामाच्या दुकानात...

थांबा. कापडाचा तागा आला.

हं. या दुकानात भिंतीला ठोकलेल्या दोन लोखंडी टेकूंवर बसले. तेव्हा माझे कौतुक झाले. मालक मिलिंदभाऊ म्हणाले होते, "हत्ती ठेवला तरी हलणार नाय." हत्ती आला नाही. तागे येत राहिले. माझे काम एकच. वरून जेवढे बळ येईल, तेवढेच वर ढकलायचे. कमी पडले तर...

आणखी एक.

माझ्या अगदी खाली मिलिंदभाऊंच्या पत्नी द्रौपदीताई मशीनवर साडीला फॉल लावत आहेत. मला माझ्या मोडण्याची भीती नाही. त्यांचे डोके माझ्याखाली आहे, याची आहे.

कोपऱ्यात त्यांची मुलगी संघरत्ना अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक मोठ्याने वाचते.

प्रश्न : टेबलावर वही ठेवली आहे. टेबल वहीवर किती नॉर्मल फोर्स लावते?

"नॉर्मल म्हणजे साधा फोर्स," शिडीवरून मिलिंदभाऊ म्हणतात.

"नाही पप्पा. नॉर्मल म्हणजे लंब, पृष्ठभागाशी काटकोनात. पण टेबल ढकलतं कसं? ते तर नुसतं पडलेलं असतं."

"तुझ्यासारखं," द्रौपदीताई म्हणतात.

बाळा, कसे सांगू? मी वाकते. वाकते म्हणूनच ढकलू शकते. ओझे जास्त, तर वाक जास्त. आणि आज माझ्या मधोमध एक बारीक तडा...

तिसरा. हा छताला अडतो आहे. मिलिंदभाऊ दोन्ही हातांनी दाबतात. आता ताग्यांचे वजन आणि त्यांचे दाबणे, दोन्ही मिळून होईल तेवढे मला ढकलायचे आहे.

कर्र.

संघरत्ना वर बघते. माझे पोट खाली आलेले तिला दिसते.

"पप्पा, दाबू नका. ती वाकलीय. वाकूनच ढकलतेय ती."

"फळी नॉर्मल आहे गं."

"आई, ऊठ."

"एवढा फॉल होऊ दे."

"आधी ऊठ." ती आईचा दंड धरून ओढते.

खुर्ची सरकते, द्रौपदीताई बाजूला येतात. तडा आरपार धावतो. मी मोडते. तिन्ही तागे मशीनवर कोसळतात.

मिलिंदभाऊ शिडीवरच आहेत. त्यांचे हात अजून दाबल्यासारखेच पुढे आहेत.

"अहो, उतरा आता," द्रौपदीताई म्हणतात. "सुई मोडलीत माझी."

मित्रांनो, मोडेपर्यंत आम्ही पुरेपूर ढकलतो. म्हणून आमचे सगळे ठीक चालले आहे, असे तुम्हाला वाटते. आमचे वाकणे बघत जा. आणि आमच्याखाली कोणी बसले असेल, तर आमची तपासणी नंतर करा. आधी त्याला उठवा.