अर्ध्यात तुटलेली ओळ

साडेचारला तिला हेडमास्तरांचं उत्तर आलं. "पॅच लागत नाही. पाचला दार बंद." सकाळपासून दुसऱ्यांदा हेच. कारण सांगायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच.

हे हेडमास्तर कुठल्या शाळेचे नव्हेत. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये आणणारा एक प्रोग्रॅम होता, फुकट आणि सगळ्यांना खुला. त्यात कोणाची दुरुस्ती घ्यायची ते हा गृहस्थ ठरवी, आणि हे नाव त्याला तिनेच ठेवलं होतं. कुठल्या ओळी काढल्या, कुठल्या घातल्या एवढंच लिहून दुरुस्ती ईमेलने पाठवायची. त्यालाच पॅच म्हणायचं. त्यात तसूभर फरक पडला तरी परत.

तिचे बाबा एकोणतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, डोळ्यांशिवाय. पडद्यावरची अक्षरं टिंबांत उठवणाऱ्या समोरच्या ब्रेलपट्टीवर बोटं फिरवून ते फोन जोडून देत. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत नेमकी हीच पट्टी मुकी झाली होती आणि सोमवारी त्यांच्या ऑफिसात तीच आवृत्ती चढणार होती. आज पाचनंतर तिच्यात कुठलीच दुरुस्ती घेतली जाणार नव्हती. साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं, "पट्टी चालली नाही, तर आता घरी आराम करा." आराम म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"माझंच काहीतरी चुकलंय. कोडच बदलते," ती म्हणाली.

"सकाळी तुझ्या दुरुस्तीनंतर पट्टी चालली की नाही? मी स्वतः वाचलं," शेजारी बसलेले बाबा म्हणाले.

"मग तो परत का पाठवतोय?"

"तू पाठवलेली मेल माझ्या जुन्या मशीनवर उघड, तिथली पट्टी चालते."

"बाबा, पंचवीस मिनिटं राहिलीत!"

"म्हणूनच म्हणतोय. उघड."

त्यांची बोटं पट्टीवर सरकू लागली. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि हे आपले पोथी वाचावी तसे सावकाश! एके ठिकाणी ते थांबले.

"ही ओळ इथेच संपते? पुढे सरकवलं तर काही येत नाही. उरलेली खालच्या ओळीवर आहे."

ती पडद्यावर वाकली. लांब ओळ खिडकीत मावली नाही की दिसताना दुमडतेच, म्हणून तिला संशयच आला नव्हता. ही मात्र खरोखर तुटली होती. घाईत तिने पॅच आपल्या ऑफिसच्या मेलमध्ये चिकटवला होता आणि त्या मेलने नको तो शहाणपणा करून लांब ओळ मोडली होती.

आता ती मेल टाळून पॅच थेट पाठवणारी संगणकाची आज्ञा जुळवायला हवी होती. पासवर्ड दोनदा चुकला. पॅचच्या तळाशी तिने एक ओळ वाढवली आणि चार छप्पनला पाठवून दिला.

चार एकोणसाठला मेल वाजली. तिने डोळे गच्च मिटले.

"तुम्हीच वाचा."

बोटं सरकली, थांबली, मागे आली, पुन्हा थांबली.

"बाबा, बोला ना!"

"घेतला म्हणतोय." बोट तिथेच होतं. "खाली माझं नाव कोणी घातलं?"

"तपासणाऱ्याचं नाव घालायचंच असतं. तपासलं कोणी?"

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "सोमवारचा शर्ट इस्त्रीला टाक."