पिवळ्या छत्रीमागे

आमच्या गावच्या पेन्शनरांची एक दिवसाची सहल टोलेडोला जायची ठरली, तेव्हा शेजारच्या उर्सुलाबाईंनी मला न विचारताच बाबाचं आणि माझं नाव देऊन टाकलं. माझा भाऊ हॅसिंतो म्हणाला, "एन्कार्ना, त्याला घरातला संडास सापडत नाही, आणि तू त्याला टोलेडोच्या बोळांत नेणार?"

"मग तू सांभाळ एक दिवस."

त्याची द्राक्षांची तोडणी चालू होती. सप्टेंबरात आमच्याकडे सगळ्या पुरुषांची द्राक्षांची तोडणी चालू असते.

माझा बाबा, फ्लोरेन्सियो, जन्मभर गावचा न्हावी. आता ऐंशीच्या पुढे गेलाय. चेहरे त्याच्या ध्यानातून निसटत चालले होते, पण मान बघून माणूस अजून ओळखायचा. बेकरीवाल्याला तोंडावर विचारायचा, "आपण कोण?" आणि तो पाठ फिरवून निघाला की मागून हाक मारायचा, "एमेतेरियो, मान वाढलीय रे तुझी. ये उद्या." एमेतेरियो बिचारा दुसऱ्या दिवशी खरंच यायचा आणि पायरीवर बसून माझ्याकडून कॉफी घेऊन जायचा.

त्या दिवशी सकाळी बाबा अगदी शहाण्यासारखा वागला. बसमध्ये उर्सुलाबाईंनी दिलेलं ऑम्लेट खाल्लं. कॅथेड्रलमध्ये टोपी काढून छातीशी धरली आणि वरच्या खिडकीतून उतरणाऱ्या उजेडाकडे आ वासून बघत राहिला. मला वाटलं, उगाच भ्यायले. नाव-पत्ता कोरलेलं कडं त्याला मनगटाला टोचत होतं, ते मी काढून माझ्या पर्समध्ये टाकलं.

कॅथेड्रलच्या मागे बदामाची मिठाई मिळते त्या दुकानात आम्ही शिरलो. हॅसिंतोच्या पोरींसाठी डबा घ्यायचा होता. दुकानदारणीने डब्याला रिबीन बांधायला घेतली. मी वळले, तर माझ्या बाजूला एक चिनी जोडपं उभं होतं. बाबा नव्हता.

टोलेडो कुणी ठरवून आखलेलं नाही. डोंगरावरून पाणी ओघळावं तशा गल्ल्या, आणि प्रत्येक गल्ली थोडं पुढे जाऊन विचार बदलते. मी खाली धावले, वर आले, पुन्हा त्याच तलवारींच्या दुकानापुढे पोचले. दिसेल त्याला विचारत सुटले, "एक म्हातारे गृहस्थ पाहिलेत का? निळा शर्ट, डोक्यावर टोपी?" एका वेटरने हातातला ट्रे न ठेवताच मान उडवली. "बाई, आज अख्ख्या स्पेनमधले टोपीवाले म्हातारे इथेच आलेत. मी कुठला कुठला सांगू?"

खोटं नव्हतं ते. दोनदा मी लांबून "बाबा!" म्हणून ओरडले आणि दोनदा परक्याच म्हाताऱ्याने वळून बघितलं. त्यातला एक म्हणाला, "मी चालत असेन तर न्या."

चौकात पोलीस होता. तरुण, सभ्य.

"नावाला ओ देतात का ते?"

"कधी कधी."

"जवळ काही ओळखीचं? मोबाइल, ओळखपत्र, कडं?"

मी पर्स उघडून कडं त्याच्यापुढे धरलं. त्याने ते बघितलं आणि मला परत दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने वायरलेसवर वर्णन कळवलं, मला सावलीत बसायला सांगितलं. मी बसले नाही. उर्सुलाबाई आणि गावची मंडळी चौकातल्या खानावळीत मटणाचा रस्सा समोर घेऊन बसली होती. त्यांचेही जेवणातले हात थांबले. पण त्यातल्या कुणाला गुडघेदुखी होती, कुणाला धाप. ती तरी कुठे धावणार?

दुपार उलटल्यावर पोलिसाचा फोन आला. बाबा सापडला होता. खाली, नदीवरच्या सान मार्तिन पुलाजवळ.

पुलाच्या तोंडाशी जर्मन प्रवाशांचा घोळका उभा होता. त्यांची गाईड पिवळी छत्री उंच धरून बोलत होती. आणि घोळक्यात अगदी पुढे माझा बाबा. छातीवर त्या कंपनीचं गोल स्टिकर, कानात गाईडचं बोलणं ऐकायचं यंत्र. एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने त्याचा हात आपल्या हातात घेतला होता. गाईड जर्मनमध्ये काय ते सांगत होती आणि बाबा मन लावून ऐकत होता. मध्येच मान डोलावत होता. बाकीचे हसले की तोही हसत होता.

दोन वर्षांत मी त्याला इतका निवांत बघितला नव्हता. घरी कुणी बोललं की त्याच्या कपाळावर आठी यायची, कारण ते आपल्याला कळायला हवं होतं हे त्याला कळायचं. इथे काही कळायची सक्तीच नव्हती.

मी जवळ गेले. "बाबा, किती शोधलं रे तुला. चल."

त्याने टोपीला हात लावला. "बाई, तुमची गल्लत होतेय. आम्ही सहलीला आलोय."

"बाबा, मी एन्कार्ना."

"एन्कार्ना माझी मुलगी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती एवढीशी आहे हो. शाळेत असेल आत्ता."

गाईडचं नाव बेगोन्या. तिने मला बाजूला घेतलं. "ज्यूंच्या सिनॅगॉगपासून आहेत आमच्याबरोबर. मला वाटलं, हात धरलाय त्या इर्मगार्टबाईंचे नवरे. इर्मगार्टबाईंना वाटलं, थकलेत म्हणून हात द्यावा." मी मोबाइलमधले फोटो दाखवायला लागले, तर तिने माझा हात धरला. "अहो, मला पटलंय. त्यांना पटायला हवं ना."

मग मला मानेचं सुचलं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, पाठ केली आणि दोन्ही हातांनी केस वर धरले. लग्न होईपर्यंत माझे केस त्यानेच कापले होते. ऐन उन्हात, चाळीस जर्मनांच्या देखत, मी तशी उभी राहिले. मागे तो जरा वाकला. त्याचा श्वास मला मानेवर जाणवला.

"कुणी कापलेत हे?" तो म्हणाला. "हात बसलेला नाही त्याचा."

मी केस सोडले. दंड दुखत होते.

पुलाशी माझी वाट बघत थांबलेला पोलीस म्हणाला, "बाई, मी त्यांना हाताला धरून ओढू शकत नाही. आरडाओरडा करतील, पडतील. या वयात हाड मोडलं तर संपलं." मी तरीही एकदा बाबाचा दंड धरला. बाबाने तो इतक्या जोरात हिसडला, की इर्मगार्टबाईंचा तोल गेला. त्याच्या डोळ्यांत भीती होती. मला भिऊन तो त्या बाईंच्या आडोशाला गेला.

बेगोन्याने मला त्याचं नाव विचारून घेतलं आणि एक युक्ती केली. छत्रीच्या दांड्याजवळच्या माईकमध्ये ती हळूच आमच्या भाषेत बोलली, "डॉन फ्लोरेन्सियो, तुमची मुलगी तुम्हाला न्यायला आली आहे."

कानातला आवाज ऐकून बाबाचा चेहरा उजळला. टाचा उंचावून तो गर्दीत बघायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी त्याच्यासमोर चार पावलांवर उभी होते. मी हात हलवला. त्यानेही सभ्यपणे हात हलवला आणि माझ्या डोक्यावरून मागे शोधत राहिला. शोधता शोधता बिचारा हिरमुसला.

"नाही आली," तो इर्मगार्टबाईंना म्हणाला. त्यांना शब्दही कळला नाही, पण त्यांनी त्याचा हात थोपटला.

मग मी काय करणार? मी त्या घोळक्यात सामील झाले. पिवळ्या छत्रीमागे पूल ओलांडला, नदी बघितली, तटबंदी बघितली, वळून सगळं शहर बघितलं. बेगोन्या जर्मनमध्ये सांगत होती. मी माझ्या बापाच्या दोन पावलं मागून चालत होते, त्याला दिसणार नाही अशी. उर्सुलाबाईंचे फोनवर फोन. "अगं, ड्रायव्हर म्हणतोय, त्याला जास्त थांबता येत नाही. नियम आहे म्हणे. काय करू मी?" मला तरी काय ठाऊक होतं?

जर्मनांची बस आणि आमची बस एकाच तळावर होती. त्यांच्या बसचं दार उघडलं आणि बाबा रांगेत उभा राहिला. ती माद्रिदला निघाली होती. बेगोन्याने इर्मगार्टबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाबाचा हात धरून रांगेतून निघाल्या आणि रमतगमत आमच्या बसपाशी आल्या. स्वतः आधी पायऱ्या चढल्या. बाबा मागोमाग चढला. त्याला खिडकीशी बसवून त्या शेजारी बसल्या. त्याच्या कानातलं यंत्र हलकेच काढून घेतलं. मग काहीतरी विसरल्यासारखं करून उठल्या, मला वाट दिली आणि उतरल्या. उतरताना त्यांचे डोळे भरले होते. मी आभारही मानू शकले नाही, मला त्यांच्या भाषेत तो शब्दसुद्धा येत नव्हता.

बस सुटली. मी शेजारी बसायला गेले तर बाबाने जागेवर टोपी ठेवली.

"ही जागा कुणाची तरी आहे. एक उंच बाई होत्या."

"त्या मागच्या गाडीने येतायत," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "तोवर मी बसू का? तुम्हाला चालेल का?"

जन्मात पहिल्यांदा मी बापाला 'तुम्ही' म्हटलं. त्याने लगेच टोपी उचलली.

"बसा की. कुठल्या तुम्ही?"

"व्हाल्देसाउसेची."

"काय सांगता! मीही तिथलाच. मग माझं दुकान ठाऊक असेल."

"ठाऊक आहे."

"माझी पोरगी त्या खुर्चीत झोपी जाते. केस कापता कापता मान टाकते. एका हाताने डोकं धरायचं, एका हाताने कात्री चालवायची. फार वैताग." वैतागल्यासारखं मात्र त्याच्या तोंडावर काही नव्हतं.

मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढच्या सीटवर उर्सुलाबाई नाक पुसत होत्या.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. हॅसिंतो शेतावरून थेट आला होता, हात द्राक्षांनी काळे. तो पाठ करून उभा होता; बाबाने त्याला मान बघून बसच्या पायरीवरूनच ओळखलं.

"हॅसिंतो, या बाईंना घरापर्यंत सोडून ये बरं. एकट्याच आहेत."

हॅसिंतोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने माझी पिशवी तेवढी घेतली. आम्ही तिघं चालत निघालो, बाबा पुढे, आम्ही मागे. घराशी आल्यावर बाबाने दारात उभं राहून मला शुभ रात्री म्हटलं, आत गेला आणि आतून कडी लावली.

"उघडायला लावतो," हॅसिंतो म्हणाला.

"नको. घाबरेल."

मी मागच्या अंगणाच्या दाराने आत शिरले. चपला हातात घेऊन, आवाज न करता, माझ्याच घरात. स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी राहिले. पलीकडच्या खोलीत बाबा एकटाच कुणाला तरी आजच्या सहलीबद्दल सांगत होता. मी ऐकत राहिले. एक बाई दिवसभर त्यांच्या मागे मागे येत होती म्हणे, आणि शेवटपर्यंत तिचं माणूस तिला सापडलंच नाही.