बाबांचं नाक

"ताई, सिलिंडर बदलला की दर वेळी साबणाचं पाणी लावून बघायचं. नळीला, रेग्युलेटरला, जिथे जिथे जोड आहे तिथे. बुडबुडा आला की पेटवायचं नाही. नाकाच्या भरवशावर राहू नका."

गॅसच्या दुकानातला माणूस हे सांगत होता तेव्हा मी एका हाताने पावतीवर सही करत होते आणि दुसऱ्या हाताने मुलीचा हरवलेला बूट टेबलाखाली चाचपत होते. मी हसून म्हटलं, "आमच्याकडे खास नाक आहे हो. एकतीस वर्षं नोकरी केलेलं." त्याला काही कळलं नाही. "साबणाचं पाणी," तो पुन्हा म्हणाला. मी मान हलवली. बूट सापडला आणि आम्ही निघालो.

नाक म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. बाबांनी सगळी नोकरी सिलिंडर भरण्याच्या कारखान्यात काढली. भरलेला सिलिंडर पट्ट्यावरून पुढे येतो तेव्हा तो गळतोय का, हे बघणं त्यांचं काम. त्यासाठी यंत्र होतं, पण यंत्राच्या आधी बाबांना कळायचं, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो घाणेरडा वास मुद्दाम मिसळलेला असतो, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून कळलं. त्यामुळे आमच्या घरी एक रीतच पडून गेली होती. नवा सिलिंडर लावला की बाबांना फोन करायचा. ते तीन गल्ल्या सोडून राहतात. ते यायचे, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, दोनदा खोल श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चालू दे." मग आम्ही पेटवायचो.

एरवी मी अशी बेफिकीर बाई नाही. द्राक्षाचे चार तुकडे करून मुलीला देणारी आई आहे मी. घरातल्या प्रत्येक प्लगच्या भोकांना झाकणं आहेत. नवरा म्हणतो, तुझं चाललं तर तू जिन्यालाही गादी शिवशील. पण बाबांच्या नाकावर शंका घ्यायची, हे माझ्या काळजीच्या यादीतच नव्हतं.

आता मागे वळून बघते तेव्हा सगळं दिसतं. आमची मुलगी, म्हणजे गुंडी, अडीच वर्षांची आहे. आठवड्यातले तीन दिवस मी कामावर असताना ती बाबांकडे असायची. एकदा घ्यायला गेले तर तिचा लंगोट केव्हाचा भरलेला, आणि बाबा शेजारी बसून तिला चित्रातला हत्ती दाखवतायत.

"बाबा, तुम्हाला कळलं नाही?"

"नातीची शी आजोबाला अत्तरासारखी लागते, सूनबाई. तुला नाही समजायचं."

मी हसले होते. दुसऱ्यांदा त्यांनी नासलेलं दूध चहात घालून मला दिलं, तेव्हा मी मनात म्हटलं, वय झालं, नजर कमी पडतेय. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते. मला सगळीकडे डोळेच दिसतात.

तो रविवार होता. चार महिने कोठीत पडलेली, कणसं भाजायची गॅसची ग्रिल आम्ही मागच्या अंगणात बाहेर काढली. तिच्या पोटात एक कपाट आहे, त्यात सिलिंडर राहतो. नवऱ्याने माहितीपुस्तिका वाचून सगळं केलं. भिंतीपासून लांब ठेवली, सपाट फरशी बघितली, वर झाड नाही ना हे पाहिलं. गळती तपासण्याचं पान आलं तेव्हा तो म्हणाला, "हे बाबांचं खातं," आणि पान उलटलं. मी खडूने फरशीवर एक रेघ मारली. गुंडीने तिच्या पलीकडे जायचं नाही.

बाबा आले. सिलिंडरची चावी उघडली. वाकले. दोनदा श्वास घेतला. "चालू दे," म्हणाले आणि कपाटाचं दार लावलं. नवरा कोपऱ्यावर बर्फ आणायला गेला. मी आत कांदे कापत होते. कणसं सोलायची राहिली होती म्हणून बाबा खुर्ची टाकून ती सोलत बसले. म्हणजे दहाएक मिनिटं गेली असतील.

खिडकीतून मला ऐकू येत होतं.

"आजोबा, शी."

"झाली का? चल, बघू."

ते तिला उचलून आत घेऊन आले. माझ्यासमोरच त्यांनी तिची चड्डी ओढून आत डोकावून पाहिलं. "काही नाही गं. स्वच्छ आहे."

"शी," गुंडी म्हणाली आणि तिने नाक धरलं.

"कांद्याला म्हणत असेल," मी म्हटलं. माझे डोळे वाहत होते, नाकही. ते तिला पुन्हा बाहेर घेऊन गेले.

नंतर कुणीतरी मला समजावून सांगितलं की हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली खाली बसतो. अडीच वर्षांच्या मुलीचं नाक जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असतं, तेवढ्यावर. कोठीत उंदराने नळी कुरतडली होती आणि ग्रिलचं कपाट भरून आता गॅस फरशीवर पसरत होता. आमच्या घरातल्या एकाच माणसाला ते कळलं होतं आणि तिच्याकडे त्यासाठी एकच शब्द होता.

मी कांद्याची ताटली घेऊन दारात आले आणि बाबांनी ग्रिलचा खटका दाबला.

आवाज फार मोठा नव्हता. जड पडदा झटकावा तसा. कपाटाचं दार उडालं आणि खालून निळा-पिवळा जाळ त्यांच्या कमरेएवढा वर आला. गुंडी रेघेच्या अलीकडेच उभी होती. बाबा जाळाकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "तिला घे." मी तिला घेऊन घरातून धावत पुढच्या रस्त्यावर गेले. त्यांनी मात्र त्या जाळात हात घालून चावी बंद केली. असं करायचं नसतं, लांब पळायचं असतं. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असेल?

गुंडीला काही झालं नाही. बाबांच्या भुवया गेल्या, आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

दवाखान्यातून आल्यावर नवऱ्याने ती नळी सगळ्यांना दाखवली. शेजाऱ्यांना, बहिणीला, फोनवर फोटो काढून मित्रांना. "उंदीर. बघा दात कसे उमटलेत." बाबाही म्हणाले, "नळीचाच दोष." सगळ्यांचं समाधान झालं. माझं होईना. कुरतडलेली नळी दहा मिनिटं ओकत होती, आणि ते तिच्यापासून दोन पावलांवर बसून कणसं सोलत होते.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या हाताची पट्टी बदलायला गेले. त्यांनी वेदनेने डोळे मिटून घेतले होते. मी कापसाचा बोळा कात्री पुसायच्या स्पिरिटमध्ये बुडवला, त्या वासाने मलाच ठसका लागला. तो बोळा त्यांच्या नाकाजवळ नेला.

"बाबा, कशाचा वास येतोय?"

त्यांनी एक खोल श्वास घेतला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "तू काहीतरी धरलं आहेस ना नाकाजवळ?"

"हो."

"मला वाटलंच." त्यांनी तोंड फिरवलं. "मोठा ताप आला होता ना, त्यानंतर नाक गेलं. दोन वर्षं होतील आता. आधी वाटलं येईल परत."

"मग दर वेळी वाकून काय करत होता?"

"रेग्युलेटर नीट बसलाय का ते बघत होतो. कान लावत होतो. फुसफुस ऐकू येते कधी कधी. त्या दिवशी कान लावला तेव्हा शेजारचा यंत्राने गवत कापत होता."

"सांगायचं होतं ना."

"सांगितलं असतं तर गुंडीला सोडली असतीस माझ्याकडे?"

मी पट्टी बांधत राहिले. त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, "बाबांचं नाक? तुझं आपलं काहीतरीच." रात्री भांडी विसळताना म्हणाला, "लहानपणी मी मित्राकडे सिगारेट ओढून आलो की ते फाटकातूनच ओळखायचे." एवढंच. आम्ही ठरवलं, हात बरा होईपर्यंत गुंडी पाळणाघरात जाईल. बाबांना तसंच सांगितलं. हात बरा होईपर्यंत. ते म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी विचारलंही नाही की हात बरा झाला तर नाकाचं काय.

त्यानंतर मी साबणाच्या पाण्यावाचून जगेनाशी झाले. सकाळी उठले की स्वयंपाकघरातल्या नळीला, रेग्युलेटरला ब्रशने पाणी लावायचं आणि श्वास रोखून बघायचं. नवरा विचारायचा, "नळीची आंघोळ झाली का? मग माझा चहा." बाबांना रोज फोन करायचे; पट्टी ते आता दवाखान्यात बदलून घ्यायचे. "बरा आहे. जेवलो गरम गरम. गुंडी काय करते?" अकरा दिवस हेच. मी फोन ठेवून द्यायचे. माझं सगळं लक्ष मुलीवर होतं, आणि मुलगी सुखरूप होती.

बाराव्या दिवशी दुकानातली वीज गेली, मला दुपारीच सोडलं. पाळणाघर सुटायला वेळ होता म्हणून मी बाबांकडे गेले. दार त्यांनी स्वेटर घालून उघडलं. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, बाहेर गार वारा. पंखाही चालू.

"हे काय, बाबा?"

"हवा खेळती राहिलेली बरी."

स्वयंपाकघरात गेले. शेगडी कोरडी ठणठणीत, तिच्यावर धुळीचा थर. बटणांवर चिकटपट्टी, एकावर एक तीन-तीन फेरे. सिलिंडरची चावी बंद, आणि तिला सुतळी गुंडाळून गाठ मारलेली. डाव्या हाताने मारली असणार. कचऱ्याच्या डब्यात पावाची आणि बिस्किटांची वेष्टणं होती.

"तुम्ही रोज फोनवर गरम जेवलो म्हणून सांगत होता."

"पाव असतो ना. टोमॅटो असतो. नळाचं गरम पाणी येतं, त्यात चहाची पुडी बुडवतो. चांगला लागतो."

"चव तरी कळते का?"

"नाही," ते म्हणाले. "म्हणूनच चांगला लागतो."

त्यांच्या भुवया अर्धवट उगवल्या होत्या आणि स्वेटर खांद्यावरून सैल झाला होता. मी डोळे तपासणारी बाई, पण ते दिसायला मला अकरा दिवस आणि एक वीज जाणं लागलं.

"पेटवायला हात जात नाही," ते हळूच म्हणाले. "वाटतं, आहे. सगळीकडे आहे आणि मलाच कळत नाहीये. खिडक्या लावल्या की झोप येत नाही."

मी वाटीत पाणी घेतलं, साबण कालवला, सुतळी सोडून चावी उघडली. ते दारातून बघत होते. एकतीस वर्षांची सवय कुठे जाते? "फेस कमी कर. एवढ्या फेसात बुडबुडा दिसायचा कसा? हं, आता लाव. खालच्या बाजूनेही लाव, तिकडेच चिरते नळी." ते जवळ आले, वाकले, आणि या वेळी श्वास न घेता नुसतं बघत राहिले. पूर्ण दोन मिनिटं. माझा धीर सुटत होता. "आता ठीक आहे," ते म्हणाले. मी चिकटपट्ट्या काढल्या आणि चहा ठेवला. पेटवताना ते दोन पावलं मागे सरकले. मीही दचकले, पण तसं दाखवलं नाही.

चहा पिताना त्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता, पट्टीचा हातसुद्धा. "वास घेणारं यंत्र मिळतं भिंतीवर लावायला," मी म्हटलं. "गॅस आला की ओरडतं. उद्या आणते."

"आण." मग कपात बघत म्हणाले, "ते लावलं तर गुंडी सोमवारी येईल?"

मी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" कशाला म्हणतात ते त्यांना चांगलं माहीत आहे, त्यांच्याच मुलाने तो शब्द शिकवलाय मला. ते "बरं" म्हणाले आणि कप विसळायला उठले.

यंत्र लावलं आहे. विजेची शेगडीही घेतली आहे. आज शनिवार आहे आणि मी अजून ठरवू शकलेले नाही. ते तिच्यासाठी जाळासमोर उभे राहतील, याची मला खात्री आहे. जाळ येण्याआधी त्यांना कळेल, याची नाही. या दोन्हींतून सोमवार कसा काढायचा ते मला समजत नाही.

तुमच्या ओळखीतलंही एकटं राहणारं कुणीतरी असेल, रोज फोनवर "जेवलो, बरा आहे" म्हणणारं. एकदा न सांगता त्यांच्याकडे जाऊन या. डोळे मिटायला सांगून कॉफीची बरणी नाकाशी धरा. नाही ओळखता आली तर लगेच काही बोलू नका. आधी त्यांची शेगडी पेटवून त्यांना काहीतरी गरम करून घाला.