काढलेला पार्ट

मुकादमाने टेबलावर एक पारदर्शक पिशवी ठेवली आणि बोटाने मिस्त्रीकडे सरकवली. आत चिंधीत गुंडाळलेलं एक झिजलेलं बेअरिंग होतं.

"हे काय आहे?"

"बेअरिंग," मिस्त्री म्हणाला. इथली भाषा त्याला अजून अडखळतच यायची, पण यंत्राच्या भागांची नावं पाठ होती. "खराब. मी काढलं. नवीन घातलं."

ते मुकादमालाही दिसत होतं. त्याला एवढंच समजून घ्यायचं होतं की, पंप दुरुस्त करायला पाठवलेल्या माणसाने हा ग्रीसचा गोळा गिऱ्हाईक बाईच्या हातात का द्यावा, आणि वर तिच्या तोंडाकडे बघत उभं का राहावं. त्या बाईने लेखी तक्रार केली होती. मिस्त्रीला तो दिवस चांगला आठवत होता. पुडकं हातात पडताच बाई अशी मागे सरकली होती, जणू त्याने मेलेला उंदीरच दिला.

सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका पंपाचा जुना भाग काढून गटारात टाकला होता आणि नवीन बसवला होता. गिऱ्हाइकाने जुना दाखव म्हटलं. दाखवायला काही नव्हतं. मग भर गल्लीत त्याला चोर म्हटलं गेलं. जुनाच पुसून पुन्हा घातलास म्हणून. काम शिकवणाऱ्या उस्तादने त्या दिवशी त्याला जेवायला बसवलं आणि एकच नियम सांगितला: काढलेला पार्ट आधी गिऱ्हाइकाच्या हातात, मग पाण्याचा पेला आपल्या तोंडाला. पुढची बावीस वर्षं त्याने तो पाळला. लोक पार्ट हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे, "बरोबर, हाच तो, गेलाच होता," म्हणायचे आणि आत चहा टाकायला सांगायचे. तेवढं झालं की मिस्त्रीला काम संपल्यासारखं वाटायचं.

पण एवढं सगळं सांगायला लागणारे शब्द त्याच्यापाशी नव्हते. तो "सॉरी" म्हणाला. हा शब्द त्याला इथे दिवसातून दहा वेळा लागायचा.

मुकादम माणूस वाईट नव्हता. पोट सुटलेला, कायम काहीतरी चघळणारा, पण कुणाचं वाटोळं व्हावं असं त्याच्या मनात नसायचं. त्याने सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. काढलेला प्रत्येक भाग डब्यात घालून परत आणायचा आणि मागच्या लाल पेटीत टाकायचा. आणखी एक तक्रार आली तर प्रकरण वर जाईल, आणि वर गेलं तर मग त्याच्या हातात काही नाही.

याचा अर्थ मिस्त्रीला शब्दकोश न उघडता कळला. सहा महिन्यांची कच्ची नोकरी संपायला पाच आठवडे उरले होते. पक्की झाली की बायकोला आणि सात वर्षांच्या लेकीला इकडे आणता येणार होतं. नाही झाली तर गाशा गुंडाळायचा.

दुपारच्या सुट्टीत गोदामाच्या पायरीवर बसून त्याने बायकोला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, नका देऊ म्हणतात ना, मग नका देऊ. तिथं कुणी चोर म्हटलंय का तुम्हाला?"

"छे. इथं संशय घ्यायलासुद्धा कुणी थांबत नाही."

"मग झालं तर. उस्तादचं ऐकलंत बावीस वर्षं, पाच आठवडे माझं ऐका."

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. इथे त्याच्यावर कुणी अविश्वास दाखवत नव्हतं, आणि त्याला याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याचं काम कुणी बघतही नव्हतं. लोक दार उघडायचे, पंप कुठे आहे ते दाखवायचे आणि आत निघून जायचे. रस्त्यात माणसं हसून "कसे आहात?" विचारायची. पहिले काही दिवस तो थांबून नीट उत्तर द्यायचा, पाठ दुखतेय, झोप बरी लागली वगैरे. पण उत्तर पुरं होईपर्यंत विचारणारा पार कोपऱ्यावर पोहोचलेला असायचा. मग तोही नुसतं हसायला शिकला. आतून मात्र त्याला फार एकटं वाटायचं.

त्यानंतर दहा दिवसांनी त्याला त्याच तक्रारवाल्या बाईच्या शेजारच्या घरी पाठवलं. तिथे एक म्हातारी एकटी राहत होती. तिने फोनवर मुद्दाम तोच माणूस मागितला होता, जो शेजारणीकडे आला होता तो. मुकादमाला नवल वाटलं. मिस्त्रीला धास्ती वाटली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

तळघरात पंप होता, जुन्या घडणीचा आणि दणकट. म्हातारी इतरांसारखी आत निघून गेली नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर हाताची घडी घालून बसून राहिली. मिस्त्रीने बोल्ट सोडवले, पंपाचं तोंड पाइपापासून वेगळं केलं आणि तो जागच्या जागी थबकला. दोन्हींच्या मधे कारखान्याचं रबरी पॅकिंग नव्हतंच. तिथे जाड चामड्याचा एक लंबगोल तुकडा होता, घरी कापलेला. मधे पाण्यासाठी मोठं भोक, दोन बाजूंना बोल्टची दोन भोकं, ती तापवलेल्या खिळ्याने पाडलेली. कडा मेणाने घोटलेल्या. आणि एका टोकाला आणखी एक भोक, चुकून भलत्या जागी पडलेलं, चामड्याच्याच बुचाने परत बंद केलेलं. चामडं कुजायला आलं होतं, पण त्याने बरीच वर्षं थेंबही गळू दिला नसावा.

मिस्त्रीला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. इथे सगळे भाग खोक्यातून यायचे. हा तुकडा मात्र कुणीतरी रविवारची दुपार घालवून, जीव ओतून केला होता. त्याने तो चिंधीने हळूच पुसला.

"झालं?" म्हातारीने विचारलं.

"झालं," नवीन पॅकिंग आवळून तो म्हणाला. हात सवयीने तिच्याकडे निघालाच होता. मग त्याला मुकादमाच्या टेबलावरची पिशवी आठवली, लेकीच्या शाळेचा विचार आला, आणि हात अर्ध्यातून वळला. तुकडा डब्यात गेला. झाकण लागलं.

म्हातारी त्याच्यामागे दारापर्यंत आली. तिची नजर डब्यावर होती.

"आणखी काही?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर पिशवी नव्हती, नुसता कागद होता. म्हातारीने लिहिलं होतं: माझ्या पंपातून काढलेली वस्तू मला मिळाली नाही. मुकादमाला आधी हसू आलं. पहिली तक्रार दिलं म्हणून, दुसरी दिलं नाही म्हणून. मग तो हसायचा थांबला, कारण दोन म्हणजे दोनच होत्या. शुक्रवारी कागद वर जायचा होता. त्याआधी म्हातारीने तक्रार मागे घेतल्याची सही दिली तर ठीक.

मिस्त्री आधी धावला तो मागच्या लाल पेटीकडे. पेटी रिकामी होती, आतून धुतलेलीसुद्धा. भंगाराची गाडी रोज संध्याकाळी यायची. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते त्याने आजवर नुसतं ऐकलं होतं. पण खरी बोच नोकरीचीही नव्हती. तो तुकडा कुणाच्या तरी हातचा होता, हे सगळ्या गावात एकट्या त्याला कळलं होतं आणि तरी त्याने तो टाकला होता.

म्हातारीने दार उघडलं. त्याने हात रिकामे आहेत हे आधीच दाखवलं. "पेटीत टाकला. गाडी घेऊन गेली," तो म्हणाला. "नियम. पण चूक माझी."

तिने त्याच्या खिशातून डोकावणारा सहीचा कागद ओढून घेतला. दारातच तो भिंतीला टेकवून तिने सही केली. "हे घे. तुझी नोकरी घालवायची नव्हती मला," ती म्हणाली. "शेजारीण सांगत होती, तू काढलेलं हातात देतोस. म्हणून तुलाच बोलावलं. आमच्या यांनी त्या पंपात स्वतःचं काहीतरी घातलं होतं. काय ते मला कधी बोलले नाहीत. मी आहे तोवर पंप गळणार नाही, एवढंच म्हणायचे. ते गेले, आणि चार महिन्यांनी पंप गळायला लागला."

सही मिळाली होती. आता जायला हरकत नव्हती. पण मिस्त्रीचा पाय उंबऱ्यावरून निघेना. त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि खुणेने कोरा कागद मागितला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने तो तुकडा कागदावर काढला, जेवढा होता तेवढाच. बावीस वर्षं पार्ट हाताळलेल्या बोटांना मापं चुकत नाहीत. मधलं भोक काढलं, बाजूची दोन काढली. शब्द अडले तिथे हातांनी दाखवलं: चामडं, खिळा तापवला, कडेला मेण. शेवटी ते चुकलेलं भोक काढलं आणि तो जरा घुटमळला. मेलेल्या माणसाची चूक दाखवावी की नाही, त्याला कळेना.

"इथे चुकले," तो म्हणाला. "मग बुजवलं. छान बुजवलं."

म्हातारी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तेच ते. आधी भोक पाडायचे, मग मोजायचे."

मग काहीतरी सुचून ती उठली. आतल्या कपाटातून तिने एक रुंद चामडी पट्टा आणला. त्याच्या मधोमध लंबगोल खिडकी पडली होती. "उंदराने खाल्ला म्हणून सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "मीच घेऊन दिला होता. उंदीर कुठे असा गोल कुरतडतो? पण म्हटलं, जाऊ दे."

मिस्त्रीने टेबलावरची कात्री घेतली. रेघेवरून कागदाचा तुकडा कापला, बोटांनी कडा सारख्या केल्या आणि दोन्ही हातांनी तो तिला दिला. मग तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तिने तो पट्ट्याच्या खिडकीत ठेवला. बसला. मग पुन्हा उचलून तो उजेडात धरला, आधी एका बाजूने पाहिला, मग उलटा करून दुसऱ्या बाजूने.

"बरोबर," ती म्हणाली. "हाच तो."

मिस्त्रीने खुर्ची ओढली आणि प्यायला पाणी मागितलं.